आधी डमी, मग पुस्तक

१

पद्मिनीताई सकाळी लायब्ररीत आल्या की आधी टेबलं वाचायच्या.

आमच्या लखनौच्या युनिव्हर्सिटीत नियमच होता की वाचून झालेलं पुस्तक वाचकाने परत फळीवर ठेवायचं नाही, टेबलावरच सोडून जायचं. लोक चुकीच्या जागी खुपसतात आणि मग ते पुस्तक वर्षानुवर्षं सापडत नाही, हे त्यामागचं सरकारी कारण. ताईंचं कारण वेगळं होतं. संध्याकाळी बंद करताना त्या टेबलांना कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. सकाळी पर्स खांद्यालाच, चष्मा पुसत पुसत एकेका टेबलापाशी थांबायच्या आणि कोण काय वाचून गेलं ते बघायच्या. केमिस्ट्रीच्या जाडजूड पुस्तकाखाली दडवलेली कादंबरी. कायद्याच्या पुस्तकाशेजारी लोणच्यांचं. "ही पोरगी पीजीत राहते आणि टिफिनला वैतागली आहे," त्या म्हणायच्या, आणि त्याच टेबलावर आणखी एक पुस्तक ठेवून पुढे जायच्या.

ते पुढचं पुस्तक म्हणजे ताईंचा खरा धंदा. युनिव्हर्सिटी लायब्ररियन म्हणून मीटिंगा, टेंडरं, जर्नलांची भांडणं हे सगळं त्या करायच्याच, पण जीव होता तो यात. अनुप नावाचा एक मुलगा कित्येक वर्षं स्पर्धा परीक्षांना बसत होता आणि नापास होत होता. ताईंनी एक दिवस त्याच्या गाइडांवर मधमाश्या पाळण्याचं पुस्तक ठेवलं. तो चिडला, पण त्याने ते वाचलं. आज मलिहाबादच्या आंब्याच्या बागांतून त्याच्या मधमाश्यांच्या पेट्या आहेत आणि दर दिवाळीला तो लायब्ररीत मधाची बरणी आणून देतो.

मी नेत्रा. नवरा फौजेत, घर छावणीत. दर दोन-तीन वर्षांनी बदली, आणि बदलीच्या प्रत्येक गावात मी कुठल्या तरी लायब्ररीत नोकरी शोधते. त्यामुळे लायब्ररियन पुष्कळ पाहिले. बरेचसे पुस्तकांचे वॉचमन असतात. मला राग पटकन येतो, तोंड सतत चालू असतं आणि कुणाचं कौतुक करायचं म्हटलं की जिवावर येतं. पण ताईंची मी पहिल्या आठवड्यातच भक्त झाले. आणि झाले ती त्यांची बोलणी खाऊन.

आमच्याकडे फळीवरून पुस्तक काढलं की त्याच्या जागी तेवढाच लाकडी ठोकळा उभा करतात. त्याला डमी म्हणायचं. आमचा स्टॅकमधला, पुस्तकं लावणारा हरिहर त्याला नुसतं 'लकड़ी' म्हणतो. डमीमुळे रांग कलंडत नाही आणि इथलं पुस्तक बाहेर गेलंय, परत येणार आहे, हे सगळ्यांना कळतं. मी घाईत आधी पुस्तक ओढलं आणि सगळी रांग माझ्या पायांवर आली.

"नेत्रा," ताई म्हणाल्या, "आधी डमी, मग पुस्तक. कायम. जागा रिकामी सोडायची नाही, क्षणभरसुद्धा."

"ताई, लाकडाच्या तुकड्याचं एवढं काय?"

"तो तुकडा म्हणजे आपला शब्द आहे गं. जे नेलंय ते परत येईल, असा."

मी वाद घातला नाही. माझ्या बाबतीत ही मोठीच गोष्ट होती.

२

लायब्ररीच्या मागच्या बाजूला उत्तर दालन आहे. छताचं प्लास्टर पडायला लागलं म्हणून ते बंद केलं होतं. तिथे देणगीतली पुस्तकं असायची. त्यात एक संपूर्ण कपाट मराठी होतं, कधीकाळी इथे शिकवून गेलेल्या कुणा मराठी प्रोफेसरांचं. लखनौत ती वाचणार कोण? मी, ताई, आणि महाराष्ट्र मंडळातली गणपतीला भेटणारी मंडळी. त्यांची मुलं तर मराठी ऐकतात आणि हिंदीत उत्तर देतात.

डिसेंबरच्या सुरुवातीला एका सकाळी ताई मला हाताला धरून तिकडे घेऊन गेल्या. कुलूप त्यांनीच उघडलं. मधल्या लांब टेबलावर एक पुस्तक होतं.

"काल हे इथे नव्हतं," ताई म्हणाल्या. त्यांचे डोळे चमकत होते.

विहिरी कशा बांधाव्यात याबद्दलचं जुनं मराठी पुस्तक होतं. छापखान्यातून आलं तेव्हापासून कालपर्यंत ते कुणी उघडलंच नव्हतं. अशा जुन्या पुस्तकांची पानं कडेला जोडलेली असतात आणि पहिला वाचक ती कापतो. याची पानं आता सुटी झाली होती, शेवटच्या पानापर्यंत. ताईंनी कडेवरून बोट फिरवलं. सुरीने कापली असती तर कड सरळ आली असती. ही मऊ होती, आणि प्रत्येक पानाचा वरचा कोपरा ओलसर होता.

"थुंकी लावतोय," ताई म्हणाल्या. वाचनकक्षात 'थूक लगाकर पन्ने न पलटें' अशी पाटी त्यांनी स्वतः रंगवून घेतली होती. जगात त्यांना खरा राग येणारी ही एकच गोष्ट. आज मात्र त्या हसत होत्या. "तेवढी एक खोड सोडली तर वाचक खरा आहे. नेत्रा, पानन् पान वाचलंय त्याने. आणि ते बघ."

मराठी कपाटात, त्या पुस्तकाच्या जागी, डमी उभी होती. ताठ, बरोबर फळीच्या कडेला लावून. मी स्वतः कधी इतकी नीट लावली नव्हती.

"हरिहरकडे दुसरी किल्ली असेल," मी म्हटलं.

"असेल. किंवा एखादा लाजाळू रिसर्च स्कॉलर खिडकीतून येत असेल. आपल्याला काय? वाचतोय ना?"

हरिहरला विचारलं तर तो कानाला हात लावून म्हणाला, "हम तो उधर झाड़ू लगाने भी नहीं जाते मैडम। छत गिर जाए तो?" खिडक्यांना बाहेरून जाळ्या होत्या. पण जुनी इमारत म्हटलं की एखादी फट असायचीच, असं मी मनाला सांगितलं. ताईंनी त्या दिवशी विहिरींनंतरचं पुढचं पुस्तक निवडायला सगळी दुपार घातली. शेवटी नद्यांच्या पुरांबद्दलचं एक ठेवलं. दुसऱ्या सकाळी तेही वाचून झालं होतं.

मग रोजचंच झालं. त्या एक पुस्तक ठेवायच्या, तो वाचायचा. ताई येत्या जानेवारीअखेर रिटायर होणार होत्या आणि अमरावतीला भावाकडे जाणार होत्या. त्या विचाराने हिरमुसलेल्या बाईंच्या अंगात त्या पंधरवड्यात नवी हुशारी आली होती. मी मनातून त्या थुंकीवाल्याचे आभारच मानत होते.

३

विहिरींचं पुस्तक परत कपाटात लावताना मी एकदा सहज उघडलं.

पहिली गोष्ट लक्षात आली ती ही की ते फार सैल झालं होतं. जुन्या पुस्तकाला एक ताठा असतो, उघडलं की मिटायला बघतं. हे हातात पसरलं आणि तसंच पडून राहिलं. मी एक पान वाचलं. अक्षरं जागच्या जागी होती. कुठे पुसट नाही, शाई उडालेली नाही. वाक्य वाचून संपवलं आणि मला कळेना की मी काय वाचलं. पुन्हा वाचलं. 'पाझर', 'कठडा', 'दगड' हे शब्द डोळ्यांसमोरून जात होते, पण एकही आत शिरत नव्हता. पाझर म्हणताना पाण्याची आठवण येत नव्हती.

चष्म्याचा नंबर वाढला असेल, असं वाटलं. मग वाटलं झोप नीट झाली नाही. मी शेजारचं, कुणी न उघडलेलं एक पुस्तक घेतलं, दोन जोडलेल्या पानांच्या फटीतून डोकावून चार ओळी वाचल्या. बैलगाडीचं वर्णन होतं. गाडी दिसली, बैलाच्या गळ्यातली घंटा ऐकू आली. पुन्हा विहिरींकडे वळले. काही नाही. भिंतीकडे बघावं तसं.

घरी नवऱ्याला, पृथ्वीराजला, सांगितलं तर तो म्हणाला, "मला कुठलंही पुस्तक वाचताना असंच होतं." त्याच्यावर मी उशी फेकली. पण दुसऱ्या दिवशी ताईंना सांगितलं.

ताईंनी पुरांचं पुस्तक घेतलं. त्यांचे वडील पाटबंधारे खात्यात होते आणि हे पुस्तक त्यांनी लहानपणी घरी वाचलं होतं, म्हणूनच तर निवडलं होतं. त्यांनी उभ्याउभ्याच एक पान वाचलं, मग मागचं, मग पहिलं. शेवटी खुर्ची ओढून बसल्या.

"नेत्रा, हाताला काही लागत नाही गं." त्यांचा आवाज बारीक झाला होता. "यात आमच्या गावासारखं एक गाव होतं. शाळेच्या छपरावर बसलेल्या कोंबड्या होत्या. सगळं इथे छापलेलं आहे, आणि... नाही."

त्यांनी त्या पंधरवड्यात दिलेली सगळी पुस्तकं आम्ही तपासली. सगळी तशीच होती.

ताईंनी उत्तर दालनाला नवं कुलूप घातलं. किल्ली स्वतःच्या कमरेला लावली. "आजवर वाचकाला कधी नाही म्हटलं नव्हतं," जाताना त्या म्हणाल्या. त्यांना फार वाईट वाटलं होतं, आणि मला त्यांच्यासाठी.

४

पुस्तक मिळेनासं झालं तेव्हा तो बाहेर आला.

म्हणजे कुणी दिसलं नाही. मुख्य वाचनकक्षाच्या फळ्यांवर डम्या दिसायला लागल्या, एवढंच. सकाळी दर्शनशास्त्राच्या रांगेत एक, दुपारी इतिहासात. कुणी पुस्तक नेल्याची नोंद नाही. दुसऱ्या दिवशी पुस्तक जागेवर, डमी परत डम्यांच्या खोक्यात, आणि पानांचे कोपरे ओले. मुलं काउंटरवर येऊन तक्रार करायला लागली. सावनी तर पुस्तक माझ्यासमोर आपटूनच म्हणाली, "आंटी, पढ़ तो रही हूँ, पर कुछ पल्ले नहीं पड़ रहा यार।"

ही सावनी जानकीपुरमच्या औषध संशोधन कॅम्पसमधल्या एका मराठी सायंटिस्टची मुलगी. बी.ए.ला आहे. वाचनकक्षातल्या खिडकीजवळच्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलं तर ती त्याला उठवते. ताईंची ती लाडकी. तिच्यासाठी पुढचं पुस्तक निवडताना त्या लहान मुलासारख्या खुलायच्या.

"बेटा, ते राहू दे. हे घे," ताईंनी स्वतःच्या केबिनमधलं एक काढून दिलं. सावनी गेल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. "नेत्रा, तू एक बघितलंस? तो नियम मोडत नाही. आधी डमी ठेवतो, मग नेतो. आणि परत आणून देतो."

"ताई, तुम्ही त्याचं कौतुक करताय?"

"मी घाबरलेय," ताई म्हणाल्या. "पण जे आहे ते आहे."

त्याच आठवड्यात लायब्ररीच्या मांजरीशेजारी डमी आली. मुलांनी तिचं नाव इंडेक्स ठेवलं होतं. थंडीत ऊब मिळते म्हणून ती फोटोकॉपी मशीनजवळच्या स्टुलावर झोपायची. एका दुपारी ती झोपलेली आणि तिच्या पोटाशी टेकवून लाकडी ठोकळा उभा. मुलांनी फोटो काढले, हसली. मी डमी उचलून खोक्यात टाकली. चहा पिऊन आले तर ती परत स्टुलावर होती. ताईंनी ती नेऊन शब्दकोशांच्या रांगेत घुसवली. आम्ही दोघी बघत असताना काही झालं नाही. वळलो आणि पुन्हा पाहिलं, तर स्टुलावर.

हरिहरने मग डोकं लढवलं. इंडेक्सला पिशवीत घातलं आणि निशातगंजला आपल्या घरी घेऊन गेला. दार लावून, दूध देऊन आला. संध्याकाळी त्याच्या बायकोचा फोन आला की बंद खोलीतून मांजर नाहीशी झाली. इकडे स्टुलावर डमी उभीच होती.

५

दुसऱ्या दिवशी इंडेक्स स्टुलावर होती. डमी नव्हती.

मला इतका आनंद झाला की मी तिला उचलून छातीशी धरलं. ती हातातून ओघळली. तिची हाडं मोडली नव्हती, ती आजारीही नव्हती. नुसती सैल होती. खाली ठेवलं तशी बसून राहिली. दूध ठेवलं, प्यायली. कबूतर खिडकीत फडफडलं तर तिने मान वळवली, बघितलं आणि पुन्हा समोर पाहिलं. तिच्या कानामागची लव ओली होती.

ताई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. ताईंना गुडघ्यांचा त्रास, जमिनीवर कधी बसत नाहीत. त्या मांजरीची पाठ थोपटत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"मी त्याला वाचायला शिकवलं," त्या म्हणाल्या.

"काहीतरीच काय ताई! तो आधीच वाचत होता."

"एक वाचून गेला असता. पुढचं मी दिलं. आणि एवढं चांगलं दिलं की..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "विहिरी, पूर, मग बोटी, मग बोटीवरची माणसं. मी त्याला माणसांपर्यंत आणून सोडलं गं."

मी त्यांच्यावर ओरडले. खरंच ओरडले, वाचनकक्षात, जिथे कुजबुजायलाही बंदी आहे. म्हटलं, तुम्ही आयुष्यभर शेकडो पोरांना वळण लावलंत, असल्या कशाचं खापर स्वतःवर फोडून घेऊ नका. आपण वर कळवू, दालन पाडायला लावू. मुलं माना वर करून बघत होती. ताई हसल्या आणि मला म्हणाल्या, "शू."

मग पदराने डोळे पुसून विचारलं, "डमी कुठे ठेवली की राहील, सांग बरं? खोक्यात राहत नाही. पुस्तकांत राहत नाही."

"मला काय माहीत?"

"ते पाहायचं राहिलं," ताई म्हणाल्या. त्या तेव्हा काय मोजून पाहत होत्या ते मला कळलं नाही. मला वाटलं, नेहमीचंच, कुठलंसं कोडं सोडवताहेत.

६

जानेवारीत लखनौत धुकं असं उतरतं की सकाळ झालीय हे घड्याळावरून मानायचं. त्या दिवशी छावणीच्या रस्त्यावर गाडीपुढचं काही दिसत नव्हतं. पृथ्वीराज मला सोडायला आला आणि बैलगाडीच्या वेगाने चालवत होता. मला उशीर झाला म्हणून मी रस्ताभर त्याचं डोकं खाल्लं.

वाचनकक्षात दिवे लागलेले होते. वाचक नव्हते. हरिहर काउंटरपाशी उभा होता, हातातला चहाचा ट्रे तसाच धरून.

"ताई कुठायत?"

त्याने मानेने दाखवलं. ताईंच्या केबिनचं दार उघडं होतं. टेबलावर पर्स होती, पेपर होता, चहा होता आणि चहातून अजून वाफ येत होती. खुर्चीवर डमी उभी होती.

"बड़ी मैडम अभी यहीं थीं," हरिहर म्हणाला. "हम कप रखकर मुड़े, बस।" मग त्याला रडू फुटलं. "मैडम, ये लकड़ी सुबह आपकी कुर्सी पर थी।"

मला ते वाक्य समजायला वेळ लागला.

"हमने देखा, बड़ी मैडम ने भी देखा। बड़ी देर खड़ी रहीं। फिर उठाकर ले गईं और अपनी कुर्सी पर रख दी। दो बार पलटकर देखा कि टिकी है कि नहीं। टिकी रही। तब बोलीं, हरिहर, चाय पिला दो। और बोलीं, नेत्रा को मत बताना। पर हम कैसे न बताएँ?"

जागेवरून डमी हलवली म्हणून एका लेक्चररला सगळ्यांसमोर झापणारी बाई. माझ्या खुर्चीवरची डमी तिने उचलली.

मी उत्तर दालनाकडे पळाले. कुलूप लागलेलं होतं. दाराच्या वरच्या भागात काचा आहेत, त्यातली एक फुटल्यामुळे तिथे पुठ्ठा लावलेला. मी पुठ्ठ्याचा कोपरा उचलला.

ताई लांब टेबलाशी बसल्या होत्या. चष्मा काढून घडी करून बाजूला ठेवलेला. त्यांचे दोन्ही हात टेबलावर पसरलेले, तळवे वर. ओठ भराभर हलत होते. आवाज नव्हता. चेहऱ्यावर क्षणात सहा वर्षांच्या मुलीचं हसू यायचं, क्षणात एखादी वाईट बातमी ऐकल्यासारखा तो उतरायचा, मग कुणावर तरी माया दाटून यायची, आणि प्रत्येक भाव आला की पुरता होऊन पुसला जायचा. पुन्हा यायचा नाही. त्यांची मान हळूहळू मागे गेली, घट्ट बांधणीचं पुस्तक कुणी दोन्ही हातांनी सपाट करावं तशी.

खिडक्यांबाहेर धुकं होतं. टेबलाच्या पलीकडे, खुर्चीच्या जागी, ते आतही होतं.

मग मी तो आवाज ऐकला. तो मी रोज ऐकते, रोज मुलांना त्यावरून बोलते. जिभेला बोट लावल्याचा आवाज. ताईंच्या कपाळावरची बट आपोआप बाजूला झाली.

आणि ते थांबलं. लायब्ररीत काम केलेलं कुठलंही माणूस हे ओळखतं. दारात कुणी उभं आहे हे वाचणाऱ्याला जाणवतं, आणि तो मान वर करायच्या आधी एक क्षण सगळं स्तब्ध होतं. मी पुठ्ठा सोडून दिला. मला दार फोडायला हवं होतं. माझे पाय हलले ते मागे.

७

दुपारी ताई त्यांच्या खुर्चीवर होत्या. "नेत्रा, आज उशीर झाला का?" त्यांनी विचारलं. कपाळाजवळचे केस ओले होते. मी त्यांचा हात धरला. तो त्यांनी धरू दिला.

त्यांना सगळं आठवत होतं. टेंडरची तारीख, हरिहरच्या मुलीचं नाव, अमरावतीचं रिझर्वेशन. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. दुसऱ्या सकाळी त्या लायब्ररीत आल्या, टेबलांच्या मधून सरळ केबिनमध्ये गेल्या आणि बसल्या. एकाही टेबलाकडे त्यांनी पाहिलं नाही. मी फोटोकॉपी मशीनमागे जाऊन रडले.

निरोप समारंभ चांगला झाला. मलिहाबादहून अनुप मधाच्या बरण्या घेऊन आला होता. ताई सगळ्यांना नमस्कार करत होत्या. शेवटी सावनी पुढे झाली. तिने त्यांच्या पायांना हात लावला आणि म्हणाली, "मैम, जाने से पहले एक तो बता दीजिए। अब आगे क्या पढ़ूँ?"

मला वाटलं, हा प्रश्न तरी कुठे तरी आत पोचेल.

ताईंनी तिच्याकडे पाहिलं, नम्रपणे. "कॅटलॉग देख लीजिए," त्या म्हणाल्या.

८

आता सगळ्यांच्या आधी मी येते. टेबलं वाचते. ताईंइतकं जमत नाही, पण जमायला लागलंय. तेवढंच त्यांचं आहे जे त्याला मिळालं नाही, कारण ते त्यांनी आधीच मला देऊन ठेवलं होतं. टेबलांनंतर मी खुर्च्या बघते. माझी, हरिहरचं स्टूल, मुलांच्या. इतके दिवस काही नव्हतं. मला वाटायला लागलं होतं की ताईंवर त्याचं पोट भरलं असेल. एवढं भरलेलं माणूस पुन्हा कुठे मिळणार?

आज सकाळी खिडकीजवळच्या खुर्चीवर डमी होती. ताठ, पाठीला नीट टेकवलेली.

सावनीला फोन करून येऊ नको म्हणता आलं असतं. पण मांजर तर निशातगंजला बंद खोलीत होती.

मी बराच वेळ उभी राहिले. मग ती उचलली आणि माझ्या खुर्चीवर ठेवली. वळून पाहिलं. पुन्हा पाहिलं. ती तिथेच होती.

मग पृथ्वीराजला फोन लावला. तो परेडवरून नुकताच आला होता, मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

"ऐक ना," मी म्हटलं, "आज संध्याकाळी मी जरा गप्प असले तर मनावर घेऊ नकोस."

"तू? गप्प?" तो मोठ्याने हसला. "पेढे वाटतो मी छावणीत."

मीही हसले. हसता येतंय तोवर हसून घेतलं. बाहेर सावनीच्या स्कूटीचा आवाज आला. तिच्यासाठी काल एक पुस्तक मनात धरून ठेवलं होतं, वरच्या फळीवरचं. मी खोक्यातून एक डमी घेतली, फळीवर त्या पुस्तकाला टेकवून उभी केली, आणि मग पुस्तक काढलं.